फी माफ झाली, पण पुण्यात राहायचे कशावर?

बारावीच्या निकालानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी परंडा तालुक्यातील (जि. धाराशिव) अल्पभूधारक शेतकरी आहे. अडीच एकर कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी एवढ्यावर आमचे घर चालते. आम्ही ओबीसी प्रवर्गात मोडतो. मुलगी बारावी विज्ञान शाखेत 78 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली असून सीईटीतही तिचे पर्सेंटाइल बरे आहेत. तिला पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकायचे आहे. थोरला मुलगा बारावीनंतर चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, त्याला 16 हजार रुपये मिळतात. भावकीतले लोक म्हणतात, इंजिनिअर झालेली पोरे गावात रिकामी फिरतात, मग पोरीवर खर्च कशाला? मुलींना फी माफ आहे असे ऐकतो, पण राहण्या-खाण्याचे काय? हे शिक्षण खरोखर परवडेल का, ते स्पष्ट सांगावे.

उत्तर : भावकीचे म्हणणे आधी घेतो, कारण ते अगदीच खोटे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेसह 2024 मध्ये भारतातील रोजगारावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात 2022 सालचे आकडे आहेत. त्यांनुसार पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण 29.1 टक्के होते आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते अवघे 3.4 टक्के होते. मात्र बेरोजगार म्हणून मोजला जातो तो काम शोधणारा माणूस. ज्याला संध्याकाळची चूल पेटवायची असते तो शोधत बसत नाही, मिळेल त्या मजुरीवर उभा राहतो आणि पाहणीत त्याची नोंद ‘कामाला आहे’ अशी होते. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला काही काळ सांभाळून घेते आणि शिक्षणाला साजेसे काम मिळेल अशी त्याला आशा असते. त्यामुळे या आकड्यावरून पदवी वाया जाते असे ठरत नाही. पदवी हाती आल्यावर वर्ष-दीड वर्ष थांबावे लागू शकते एवढे मात्र त्यावरून नक्की समजते, आणि आपल्या हिशेबात ते वर्ष धरलेच पाहिजे.

मुलाच्या 16 हजारांना कमी लेखू नका, आज घरात दर महिन्याला येणारी रोख रक्कम तीच आहे. फरक पुढे पडतो. कंत्राट संपले की त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर त्याला अर्ज करता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. तलाठ्याची जागा असो, सरकारी बँकेतील लिपिकाची असो किंवा लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा असो, पदवी नसेल तर अर्जच भरता येत नाही. उद्या अभियांत्रिकीतले काम मिळायला उशीर झाला, तरी बी.टेक. झालेली मुलगी या सगळ्या परीक्षांना बसू शकते. (आणि भावकीपुढे बोलता येणार नाही असे एक कारण : 22 वर्षांच्या, स्वतःचा अर्ज स्वतः भरणाऱ्या मुलीचे लग्न कोणी तिला न विचारता ठरवत नाही.)

आता फीबद्दल. राज्य शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून मिळालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला, तसेच अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. म्हणून कोणी एजंट ‘कॅपच्या भानगडीत पडू नका, मी थेट बसवून देतो’ असे सांगू लागला, तर तो आपल्या मुलीची चार वर्षांची माफी घालवतो आहे असे समजावे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि अनामत या रकमा माफीत येत नाहीत. प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकावर प्रत्येक रकमेपुढे ‘माफ’ की ‘भरायचे’ हे पेन्सिलीने लिहून घ्यावे.

राहण्या-खाण्याचा खर्च हाच आपल्यापुढचा मुख्य प्रश्न आहे, आणि तिथे मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, बसचा पास, मोबाइल आणि झेरॉक्स धरून मुलीला महिन्याला नऊ-दहा हजार रुपये लागतात, म्हणजे दहा महिन्यांचे सुमारे 1 लाख आणि चार वर्षांचे 4 लाख. यावर पहिला उपाय म्हणजे शासकीय वसतिगृह. तिथे जागा मिळाली नाही तर इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्यात पुण्यासारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. जागा मर्यादित असल्यामुळे निवड गुणवत्तेवर होते, उत्पन्नाची मर्यादाही फीमाफीपेक्षा बरीच खाली आहे. ही रक्कम मिळाली तर घरातून वर्षाला 40 हजार घालावे लागतील. मुलगा दर महिन्याला 4 हजार बाजूला टाकू शकत असेल तर तेवढ्याने भागते. पुण्यातच विद्यार्थी साहाय्यक समिती ही 1955 पासून ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवणारी संस्था आहे. तिथे मुलींचीही सोय आहे आणि राहणाऱ्यांना रोज थोडे काम करावे लागते. तिचा अर्ज निकालाबरोबरच करावा.

परंतु पुणेच का, हेही मुलीला एकदा विचारा. कराड किंवा आंबेगाव तालुक्यातील अवसरी येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळत असेल, तर पुण्याच्या एखाद्या नवख्या खासगी महाविद्यालयापेक्षा मी ते डोळे झाकून वर ठेवीन. पसंतीक्रम भरताना शहराचे आकर्षण बाजूला ठेवले तर राहण्याचा खर्चही बराच कमी होतो.

एक गोष्ट मात्र अनुभवातून सांगतो, कारण एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे माझी बरीच वर्षे गेली आहेत. एक मुलगी सलग तीन महिने दर सोमवारी येत असे. दुकानाच्या पिवळ्या पिशवीत तिचे सगळे कागद असत : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, गुणपत्रिका, सगळे नीट घडी घातलेले. महाडीबीटी संकेतस्थळावर तिच्या अर्जापुढे ‘रक्कम वितरित’ असे दिसत होते आणि तिच्या पासबुकात मात्र काहीच जमा झाले नव्हते. शेवटी उलगडा झाला की पाचवीत असताना शाळेने तिचे शून्य शिलकीचे एक खाते उघडून दिले होते आणि आधार क्रमांक अजून त्या खात्यालाच जोडलेला होता. पैसे तिथे जाऊन पडले होते. खाते गोठलेले, शाखा दुसऱ्या गावी हललेली. तिला ते पैसे मिळाले, पण तोवर मेसवाल्याची दोन महिन्यांची उधारी झाली होती. शासनाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात आपण कोणते खाते मनात धरले आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. म्हणून मुलीला आजच बँकेत पाठवून आपला आधार कोणत्या खात्याशी जोडलेला आहे ते पाहायला सांगा.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरूनच घर सोडावे. पहिल्या सहा महिन्यांचा मेसचा आणि खोलीचा खर्च, म्हणजे 50-60 हजार रुपये, आधी हाताशी हवेत. एक म्हैस विकण्याची वेळ आलीच तर ती या सहा महिन्यांसाठी विकावी, कोटा विकत घेण्यासाठी विकू नये. कॅपमधून बरे महाविद्यालय मिळाले तर मुलीला पाठवा, हे माझे स्पष्ट मत. फक्त कोट्यातूनच जागा मिळत असेल तर नको. त्यापेक्षा बी.एस्सी. संगणकशास्त्र जवळच्या अनुदानित महाविद्यालयात करावे. तिथले शुल्क अभियांत्रिकीच्या मानाने फारच कमी असते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये एका गोदामात काम करतो, वय 23. बारावी (कला) होऊन पाच वर्षे झाली. नोकरी सोडता येत नाही, पण तलाठी भरतीसाठी पदवी हवी आहे. मित्र म्हणतात मुक्त विद्यापीठाची पदवी कोणी मानत नाही. खरे काय?

उत्तर : मित्रांचा गैरसमज आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय तुमच्याच नाशिकमध्ये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त अभ्यासक्रमाची पदवी नोकरीसाठी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. तुम्ही निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या वर्षापुरती आयोगाची मान्यता आहे का, एवढे प्रवेशाआधी पाहून घ्यावे. ‘एका वर्षात पदवी’ अशा जाहिरातींच्या मागे लागू नये.

अडचण पदवीच्या मानाची नाही, अभ्यासाच्या सवयीची आहे. मुक्त विद्यापीठात नाव घातलेले अनेक जण पुस्तकांचा गठ्ठा घरी आणतात आणि तो परीक्षेच्या आठवड्यात उघडतात. गोदामातून आल्यावर रोज एक तास, आणि अभ्यासकेंद्रावरच्या रविवारच्या तासांना हजेरी, एवढे पाळले तर बी.ए.चा इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठीचा अभ्यास तलाठी परीक्षेलाही बराचसा उपयोगी पडतो. पदवीची वाट पाहत स्पर्धा परीक्षेची तयारी पुढे ढकलू नका, दोन्ही एकाच टेबलावर ठेवा.

नोकरीची वेळ थोडी लवचीक असेल तर नियमित महाविद्यालयातील ‘कमवा व शिका’ योजनेचीही चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती स्वकष्टाच्या शिक्षणाचा विचार धरूनच. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्यांच्याच नावाने ही योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेतील कामाचे तासावर पैसे मिळतात. त्यातून वह्या-पुस्तके आणि चहा-नाश्ता निघतो, घर चालत नाही. तुमच्यावर घर अवलंबून असेल तर मुक्त विद्यापीठच बरे.

प्रश्न : मी सावंतवाडी येथे राहते. पती हयात नाहीत. मुलाला कोल्हापूरच्या एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत आहे. चार वर्षांत 4 लाख रुपये कमी पडतील. बँकेत विचारले तर घर तारण ठेवा म्हणाले. माहेरची माणसे एका ओळखीच्या गृहस्थाकडून तीन रुपये शेकड्याने रक्कम मिळवून देतो म्हणतात. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 2 लाख 80 हजार आहे. काय करू?

उत्तर : ताई, तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला 3 टक्के, वर्षाला 36 टक्के. 4 लाखांवर दर महिन्याला 12 हजार रुपये केवळ व्याजापोटी जातील आणि मुद्दल जागच्या जागी राहील. तो मार्ग आजच बंद करा.

बँकेने घर तारण मागितले असले तरी 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आपण सहकर्जदार म्हणून सही केली की पुरे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर ऑनलाइन करावा, म्हणजे तो कोणत्या टप्प्यावर अडला हे दिसत राहते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी ही वेगळी योजना असून ती निवडक उच्च दर्जाच्या संस्थांपुरती आहे. मुलाचे महाविद्यालय त्या यादीत आहे का ते पोर्टलवरच पाहता येते. नसले तरी साधे शैक्षणिक कर्ज मिळतेच.

आता व्याज. बँक रक्कम वर्षावर्षाला देते आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. दरवर्षी 1 लाख उचलले आणि दर 10 टक्के धरला, तर परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याज 1 लाख 40 हजार होते. ते तोवर भरले नाही तर 5 लाख 40 हजारांची फेड सात वर्षांत महिन्याला सुमारे 8,960 रुपयांनी करावी लागेल, भरत गेलात तर 4 लाखांचा हप्ता सुमारे 6,640 रुपये बसेल. पहिल्या वर्षी महिन्याचे व्याज 833 रुपयांच्या आसपास असते, म्हणून ते साठू देऊ नये.

त्याहून चांगली गोष्ट अशी की वार्षिक उत्पन्न 4 लाख 50 हजारांपर्यंत असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याने व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतले, तर शिक्षण चालू असतानाचे आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकारच्या योजनेतून भरले जाते. आपले उत्पन्न त्या मर्यादेत बसते. संस्थेच्या मान्यतेची अट आहे, म्हणून महाविद्यालयाला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते कागदावर मागावे. तो कागद मिळत नसेल तर कर्जाचा विचार पुढे नेण्याचे कारणच उरत नाही, महाविद्यालय बदलावे. अनुदानाचा अर्ज दरवर्षी बँकेमार्फत करावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढताना एकाऐवजी तीन साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात आणि बँकेला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. शाखेत तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागावा, आणि लेखी नकारही मिळत नसेल तर त्या दिवशीची तारीख व अधिकाऱ्याचे पद टिपून ठेवून बँकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहावे.