उत्तर: 'रन'ला सगळीकडे एकच मराठी शब्द कसा ठरवायचा?

तुमची पोस्ट वाचली. पंपाच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर, इंग्रजी 'रन'ला (run) सगळीकडे एकच मराठी शब्द वापरा हा भाषांतर तपासणाऱ्या तपासनिसाचा शेरा, आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही शब्दकोशातले 'रन'चे अर्थ पाठ करायला बसला आहात. मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भाषांतराच्या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असणार, त्या सोडते.

आधी ते पाठांतर थांबवा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने तिलाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले. पाठ तरी किती करणार? शिवाय तो कोश अर्थ इतिहासाच्या क्रमाने देतो. पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत वापरातला नव्हे. रोजच्या कामाला शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश घ्या. कोबिल्ड हा 1987 सालचा कोश मला सगळ्यांत उपयोगी पडला, कारण तो अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो. शब्द कोणाबरोबर येतो हे तिथे आपोआप दिसतं.

माझं मत असं की 'रन'चा अर्थ 'रन'मध्ये शोधूच नये, त्याच्या शेजारच्या शब्दांत शोधावा. आपल्या 'लागणे'चंच बघा. भूक लागली, निकाल लागला, ठेच लागली, दूध लागलं, गाडी लागली, डोळा लागला. यांची यादी आपण कधी पाठ केली नाही. 'दूध लागलं' हे एकसंध ऐकलं आणि करपलेला वास आठवला.

पहिली गोष्ट, कर्म आहे का ते पाहा. मराठीत पळणे वेगळं आणि पळवणे वेगळं, फिरणे वेगळं आणि फिरवणे वेगळं. इंग्रजीत 'रन' दोन्हीकडे तसाच राहतो. जुन्या इंग्रजीत 'स्वतः धावणे' आणि 'धावायला लावणे' यांची रूपं निराळी होती, पुढे ती मिसळली. म्हणून 'द पंप इज रनिंग' म्हणजे पंप चालू आहे आणि 'रन द पंप' म्हणजे पंप चालवा. मराठीत क्रियापद बदलणारच. एकच शब्द ठेवण्याचा आग्रह इथेच कोसळतो.

दुसरी, मागे येणारा छोटा शब्द. 'रॅन अप द हिल' आणि 'रॅन अप द बिल' दिसायला सारखीच. टेकडीच्या जागी 'इट' घातलं तर 'रॅन अप इट' होतं, बिलाच्या जागी घातलं तर 'रॅन इट अप'. 'इट' मध्ये शिरला की क्रियापद आणि तो छोटा शब्द यांची जोडी बनली आहे आणि अर्थ जोडीचा घ्यायचा, इथे बिल फुगवून ठेवलं. 'रॅन ओव्हर द ब्रिज'मध्ये तो पुलावरून धावत गेला, पण कुत्र्याबद्दल 'रॅन इट ओव्हर' असेल तर ते गाडीखाली आलं. तुम्ही पोस्टमध्ये दिलेल्या दोन ओळींचा घोळही यातलाच आहे. 'द फॅन रन्स ऑन फॉर टू मिनिट्स' म्हणजे बंद केल्यावरही पंखा दोन मिनिटं चालू राहतो, आणि 'रन्स ऑन बॅटरी' म्हणजे बॅटरीवर चालतो. पहिल्यात 'ऑन' क्रियापदाला चिकटलेला आहे, दुसऱ्यात बॅटरीला.

नामं मात्र एकेक करून शिकावीच लागतात. 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, 'ट्रायल रन' म्हणजे चाचणी, 'चिकन रन' म्हणजे कोंबड्यांसाठी जाळी लावलेली मोकळी जागा. बँकेवरचा 'रन' म्हणजे ठेवी काढायला उडालेली झुंबड, 2007 साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकवर झाली तशी. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात 'धाव' आधीच पक्की बसलेली असते, तिला इथे शिरू देऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. एका भाषांतर कंपनीने (नाव लिहीत नाही) मला कामासोबत शब्दतक्ता दिला होता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी शब्द. 'रन' समोर 'चालवणे'. तपासणाऱ्याला मराठी येत नव्हतं. तो सॉफ्टवेअरने लाल केलेल्या ओळी मोजायचा. सॉफ्टवेअर अक्षरं जुळवत होतं, त्यामुळे तक्त्यात 'पंखा' आणि वाक्यात 'पंख्याला' आलं तरी चूक धरली जाई. मी पाठवलेल्या बरोबर ओळी बदलून 'केबल चालवणे 30 मीटरपेक्षा जास्त नसावे' असं छापलं गेलं. मूळ मजकुरात 'केबल रन' होता, म्हणजे केबलची एकूण लांबी. 'रन ड्राय'साठी मी लिहिलेल्या 'टाकी रिकामी झाल्यास' याचं 'टाकी कोरडी चालवल्यास' झालं. 'विसंगती' म्हणून माझे पैसे कापले आणि पुढची कामं बंद केली, तेही एक वेळ सोडून देईन. पण त्याच पुस्तिकेत प्रथमोपचाराचं पान होतं. भाजल्यावर त्या जागेवर किमान 20 मिनिटं गार पाणी वाहू द्यावं, अशी ती सूचना. तिथे 'भाजलेल्या भागावर पाणी चालवा' आलं. घाबरलेल्या माणसाने त्या क्षणी यातून काय समजायचं? मी मेल केले, फोन केले. उत्तर एकच, तक्ता ग्राहकाने मंजूर केलेला आहे. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, तक्त्याविरुद्ध नुसतं 'मराठीत असं नसतं' म्हणू नका. तक्त्याचीच भाषा बोला. एकट्या 'रन'ची ओळ काढून तिथे जोड्या घाला, 'रन ड्राय', 'केबल रन', 'टेस्ट रन', 'रन वॉटर ओव्हर', आणि प्रत्येकीपुढे तिचा मराठी शब्द. सॉफ्टवेअरला लांब नोंद सापडली की लाल खुणा कमी होतात. पडद्यावरच्या बटणावर नुसतं 'रन' आलं तर ते नाम आहे की क्रियापद हे विचारा आणि त्या पडद्याचं चित्र मागा. त्याशिवाय ओळ भरू नका. यंत्राने केलेला कच्चा अनुवाद दिला असेल तर अशा सुट्या ओळी आधी तपासा, कारण संदर्भ त्यालाही मिळालेला नसतो.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही, हे सगळं कामातून आलेलं आहे. करारनामे आणि औषधांच्या मजकुरात ठरलेल्या संज्ञेला एकच शब्द ठेवणं योग्यच असतं, तिथे माझा सल्ला लावू नका. पण ती शिस्त संज्ञांची आहे. 'रन', 'सेट', 'गेट', 'टेक' या संज्ञा नव्हेत, आणि हा फरक तपासनिसाला स्वच्छ शब्दांत लिहून कळवा. सोबत त्यांच्याच पुस्तिकेतल्या तीन-चार ओळी द्या आणि 'चालवणे' घातल्यावर प्रत्येकीचा वाचकाला काय अर्थ लागेल ते इंग्रजीत उलट भाषांतर करून दाखवा. मराठी न येणाऱ्यालाही ते लगेच दिसतं. सुरक्षेच्या सूचना त्या मेलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. तरीही त्यांनी ओळी बदलल्या, तर तुमची मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा आणि बदललेल्या मजकुरावर भाषांतरकार म्हणून तुमचं नाव घालू नये असं मेलवरच कळवा.