खोट्या तक्रारीनंतर पहिली पावले

ताई, तुम्ही मुलाची हेळसांड करता अशी खोटी तक्रार कोणी केली आणि बालकल्याण समितीची (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीची) नोटीस आली, म्हणजे मूल दुरावणार, असे मुळीच समजू नका. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे.

आधी वकील गाठा. साताऱ्यातील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते.

सामाजिक चौकशी, म्हणजे मुलाच्या घरची व कुटुंबाची चौकशी, 15 दिवसांत पूर्ण व्हायची असते, म्हणून लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीतील वजनाची नोंद, शाळेची हजेरी आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या आजच एकत्र करा. मूल उपाशी राहते, अशा आरोपापुढे अंगणवाडीची नोंद आपल्या शंभर शब्दांपेक्षा अधिक बोलते.

सुरुवातीला बहुतेक कुटुंबांकडून होणाऱ्या चुका अशा:

- तक्रार कोणी केली याचा शोध घेत भावकीत किंवा शेजारी भांडण काढणे.
- चौकशीला आलेल्यांना दारातूनच परत पाठवणे.
- जबाब न वाचता सही करणे.
- मुलाकडून उत्तरे पाठ करून घेणे. यासारखे नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही. मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या.

अपील आणि अब्रुनुकसानीचा विचार आत्ता नको. समितीने दिलेल्या तारखेला मुलासह वेळेवर हजर राहा.