मीटर क्लास वन घेऊ का बाराशेचा?

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं घर रामबागेत, हॉल बारा बाय सोळाचा. दिवाळीत फाइव्ह पॉइंट वन सेट (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) घेतला पण मागचे दोन स्पीकर ऐकूच येत नाहीत आणि डायलॉग दबतात, आई म्हणते टीव्हीच बरा होता. मित्र म्हणाला साउंड लेव्हल मीटर आण आणि जुळव. महाराणी रोडवर एकाने बाराशेचा दाखवला, दुसरा म्हणे क्लास वनच घ्या, तो तर आमच्या सेटपेक्षा महाग! आणि मोबाइलचं फुकट अ‍ॅप का नाही चालणार?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: क्लास वनवाल्याला लांबूनच नमस्कार करा. क्लास वन, क्लास टू हे आयईसी ६१६७२ स्टँडर्डमधले दर्जे, ज्यांना आवाज मोजून रिपोर्टवर सही करायची असते त्यांच्या कामाचे. तुम्हाला फक्त स्पीकर एकमेकांशी जुळवायचेत. मीटर दीड डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) खोटं बोलत असला तरी पाचही स्पीकरांबद्दल तेवढंच खोटं बोलणार, मग बिघडलं काय?

पण बाराशेचाही डोळे मिटून उचलू नका हं. ए आणि सी या मोजायच्या दोन पद्धती बदलायचं बटण आहे का, आकडा भरभर की सावकाश बदलावा याचं फास्ट-स्लो आहे का, एवढं दुकानातच बघून घ्या, कारण बरेच स्वस्तातले नुसते ए वर चालतात आणि ए म्हणजे बास कापून मोजणं, ५० हर्ट्झच्या खोल आवाजाला जवळजवळ ३० डीबी जातात, सी वर त्याच जागी जेमतेम सव्वा. मी हे न बघता घेतला होता, सबवूफर दाखवतच नाही म्हणून वाढवत गेलो वाढवत गेलो, शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या की अहो आमची कपाटातली भांडी वाजतायत.

आता जुळवायचं कसं, तर रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) मेनूत टेस्ट टोन, म्हणजे जुळवणीसाठीचा आवाज, असतो, पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा लांबून ऐकल्यासारखा खळखळाट. पंखा-एसी बंद, मीटर तुमच्या बसायच्या जागी कानाच्या उंचीला, माइक छताकडे, सी आणि स्लो लावून एकेक स्पीकर मेनूतून ७५ डीबीवर आणायचा. मीटर हातात छातीशी धरू नका, अंगावरून आवाज परततो, बऱ्याच मीटरांना खाली ट्रायपॉडचा आटा असतो, नसेल तर सोफ्यावर उशा रचा. सबवूफरचा आकडा स्लोवर पण नाचतो, मधला धरा, आणि एकदम खालच्या बासला स्वस्त मीटर थोडं कमीच दाखवतात म्हणून तिथे शेवटचा शब्द कानाचा. आईसाठी सेंटर, म्हणजे मधला डायलॉगचा स्पीकर, दोन डीबी वर ठेवा, नियमात बसत नाही पण घरात शांतता राहते.

अ‍ॅपचं म्हणाल तर समोरचे-मागचे स्पीकर एकाच फोनने तुलना करून जुळवता येतात, मीटर येईपर्यंत तेवढं करून टाका. सबवूफरला मात्र नको, फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, खर्ज त्याला नीट कळत नाही, आणि प्रत्येक फोन वेगळं सांगतो.

हो, बऱ्याच मीटरांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती आधीच आणून ठेवा. रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस मिळेल, ती नाही मिळायची.