एच-इंडेक्स ४ आहे म्हणून रडायलीस का?

अगं बाई,

तुझा मेसेज वाचला. गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ४ दाखवायलाय, मैत्रिणीचा ९ आहे, इंटरव्ह्यूत तेच विचारतील म्हणून झोप उडाली म्हणतीस. आधी तो आकडा येतो कुठून ते तर बघ. २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं संशोधकाचं काम मोजायला काढलेलं माप आहे ते. समज सहा पेपर आहेत, त्यांची सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत आलेले त्यांचे उल्लेख, ४०, १२, ६, ४, ३ आणि १. चार पेपरना किमान चार-चार मिळालेत म्हणून एच ४. आता त्या ४० चे ४०० झाले तरी एच ४ च राहणार! आणि कुणी भराभर पेपर काढून प्रत्येकात स्वतःचेच जुने पेपर कोंबत गेलं तर वाढतच जातो, स्कॉलर ते वजा करत नाही. स्कोपस नावाच्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये सेल्फ-सायटेशन, म्हणजे स्वतःच केलेले स्वतःचे उल्लेख, काढून बघायची सोय आहे, मैत्रिणीचं अन् तुझं दोन्ही तिथं एकदा बघ, मग बोलू.

पण त्याच्या आधी तुझी प्रोफाइल झाड. मी उघडून बघितली तर तिसऱ्या नंबरला तुरीच्या मर रोगावरचा पेपर! एस. आर. जाधव नावाची माणसं आपल्याकडं काय कमी आहेत का, कृषी विद्यापीठातल्या कुणाचा तरी असेल, स्कॉलरनं तुझ्या नावावर चढवला अन् तू बघितलंही नाहीस. तो काढ. कमिटीतल्या एखाद्यानं विचारलं की मॅडम हे तुरीचं काय, तर काय सांगशील? ऑर्किडचा (ORCID) संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी आयडी फुकट मिळतो, तो घे आणि प्रत्येक सबमिशनमध्ये टाक. डीबीएलपी या कॉम्प्युटरवाल्यांच्या पेपरांच्या ऑनलाइन यादीवर पण बघ, तिथं सारख्या नावांची माणसं मागं ०००१, ०००२ लावून वेगळी करतात, चुकलं असेल तर मेल टाकला की दुरुस्त करतात. आणि लग्नानंतर आडनाव बदलायचं का नाही हा तुझा प्रश्न, मी त्यात पडत नाही, पण पेपरवरचं नाव मात्र आता आहे तेच ठेव, नाहीतर अर्धी सायटेशन माहेरी अन् अर्धी सासरी.

इम्पॅक्ट फॅक्टरचं कुणी विचारलं तर शांतपणे सांगायचं की तो जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा आकडा, म्हणजे जर्नलचा असतो, माणसाचा नाही, आणि आपल्या कॉम्प्युटरच्या फील्डात चांगलं काम कॉन्फरन्सला जातं, तिथं तो नसतोच. बाकीच्या डिपार्टमेंटवाल्यांना हे पटत नाही, पटवत बसायचं नाही.

आता खरं काम. ज्यांनी तुला साइट केलंय ते पेपर उघड आणि तुझं नाव कोणत्या वाक्यात आलंय ते वाच. बहुतेक ठिकाणी 'या विषयावर अनेकांनी काम केले आहे' म्हणून नऊ जणांच्या रांगेत उभी असशील, त्याला काही अर्थ नाही. पण कुणी तुझा सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचा फोटो-डेटासेट घेऊन स्वतःचं मॉडेल त्यावर चालवलं असेल, टेबलमध्ये तुझ्या आकड्याशी तुलना केली असेल, तर ती एक सायटेशन रांगेतल्या वीसांना भारी आहे. इंटरव्ह्यूत तेच सांग, टेबल दाखव.

कोलॅबोरेशनचं तू लिहिलंस की २३ को-ऑथर आहेत. बरं, पण त्यातले किती जण एकाच पेपरमधून आले? नेटवर्कचा अभ्यास करणारे फिजिक्सवाले मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये सोपा हिशेब मांडला होता: दोघांचा पेपर असेल तर त्या जोडीला पूर्ण १, पाच जणांचा असेल तर प्रत्येक जोडीला १/४, मग पेपरवार बेरीज. तसं करून बघ, पायथनमध्ये नेटवर्कएक्स ही तयार लायब्ररी घेऊन कोण कुणाशी जोडलंय त्याचा ग्राफ काढला तर तासाभराचं काम आहे. माझा अंदाज, बारा जणांचा तो एक पेपर एकदम हलका पडेल आणि परभणीच्या मॅडम, ज्यांच्यासोबत तू तीन पेपर केलेत, त्या वर येतील. आणखी एक बघ, तुला त्या ग्राफमधून काढलं तर पिकांवाले आणि आपले कॉम्प्युटरवाले यांच्यात कुणी उरतं का? नाही उरलं तर दोन्ही गटांना जोडणारी तूच, आणि हे एच-इंडेक्समध्ये कुठंच दिसत नाही.

पेपरवरच्या नावांच्या क्रमावरून कुणी अडवलं तर आयआयटी कानपूरचं उदाहरण दे. २००२ मध्ये अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी संख्या मूळ आहे का ते झटपट तपासायची रीत काढली, त्यातले दोघं नुकतेच बी.टेक. झालेले, २००६ ला कॉम्प्युटर थिअरीतलं मोठं बक्षीस, गोडेल प्राइझ, मिळालं. नावं आडनावाच्या अक्षरानुसार लावलेली, थिअरीत तीच पद्धत आहे, तिथं पहिला ऑथर कोण हे विचारण्यात अर्थच नाही. तुझ्या फील्डात मात्र क्रम बघतात, त्यामुळं पेपर सुरू करायच्या आधीच बोलून घेत जा.

आणि ते सर, जे म्हणायलेत माझं नाव टाक, मी तुझं माझ्या दोन पेपरात टाकतो, त्यांना हात जोड. एच वाढेलही गं, पण त्या पेपरातला एक प्रश्न विचारला तर उत्तर येणार आहे का तुला? नाराज झाले तर माझ्यावर ढकल, गाइडनं परवानगी दिली नाही म्हणून सांग.

ग्राफ काढलास की फाइल पाठव, शनिवारी नांदेडला येतेसच तर सोबत बसून बघू.