मूल्य, मोल आणि मुद्दल

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आता नेमाने लिहायला बसणार आहेत. आयुष्यभर आपण काय धरून ठेवलं आणि भोवताली जे बिघडलेलं दिसतं त्याबद्दल काय वाटतं, हा त्यांचा विषय. पहिल्या पानावर त्यांनी मथळा घातला : 'माझी मूलभूत मूल्ये आणि समाजाच्या मोठ्या समस्या'. मुलीने वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकासारखं वाटतंय." त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मूल्य म्हणजे किंमत, मग नीतीच्या गोष्टींना तो शब्द कसा चालतो? 'मूलभूत मूल्ये' बरोबर आहे का? आणि 'समस्या' म्हणावं की 'प्रश्न'?

तुमच्या मुलीचा कान तयार आहे. मथळ्यात व्याकरणाची चूक एकही नाही, तरी तो कुणाच्या तोंडचा वाटत नाही. असं का होतं ते पाहू.

'मूल्य' हा शब्द 'मूल'पासून, म्हणजे आपल्या मुळापासून निघालेला. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी' या संस्कृत व्याकरणग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात, तो दोनदा सिद्ध होतो. ८८व्या सूत्रात मूल्य म्हणजे जे मुळासकट उपटावं लागतं ते. टीकाकार उदाहरण देतात 'मूल्या माषाः, मूल्या मुद्गाः', म्हणजे उडीद आणि मूग. (ही पिकं आजही पुष्कळ ठिकाणी उपटूनच काढतात.) पुढे ९१व्या सूत्रात मात्र मूळ जमिनीतलं नाही. तिथे 'मूल' म्हणजे वस्तू तयार करताना घातलेलं भांडवल, आणि त्या भांडवलाच्या नात्याने जे ठरतं ते मूल्य. तुम्ही बँकेतले, तेव्हा तुम्हाला हे चटकन कळेल. हे मूल म्हणजे तुमची मुद्दल.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मूल्य दोन यादींत सापडतो. एकीकडे विकत घेण्याची किंमत म्हणून, दुसरीकडे वेतन, भृती यांच्या पंक्तीला मजुरी म्हणून. मराठीने हे दोन्ही अर्थ राखले, पण प्राकृतातून घासून आलेल्या 'मोल' या रूपात. मातीमोल, कवडीमोल, बहुमोल हे किमतीचे. मोलमजुरी, मोलकरीण हे मजुरीचे. तुकोबांचं 'मोलें घातलें रडाया' आठवा. पैसे देऊन रडायला बसवलेली बाई, जिच्या डोळ्यांत ना आसू ना पोटात माया. तिथलं 'मोल' म्हणजे चक्क रोजगार.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे, शब्द बाजारातलाच आहे. पण मराठीत बाजारातला कुठला शब्द बाजारातच राहिला आहे? 'किंमत' अरबीतून फारसीमार्गे आली, आणि आपण 'त्या घरात सुनेला काही किंमत नाही' असं सर्रास म्हणतो. ती सून कुणी विकायला काढलेली नसते. 'कांद्याला भाव नाही' आणि 'देव भावाचा भुकेला' या दोन्हींत अक्षरं तीच. 'पत' सावकाराकडेही असते आणि गावातही, आणि एकीकडची गेली की दुसरीकडची टिकत नाही. संस्कृतातला 'अर्घ' म्हणजे किंमत. त्यातून आपल्याला 'महाग' मिळाला (महार्घ), आणि त्याच अर्घाचा भाऊबंद 'अर्घ्य' आपण सूर्याला देतो. एखाद्याची लायकी सांगायची वेळ आली की आपण तागडी हातात घेतो. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्या समाजाचा निम्मा दिवस आठवडी बाजारात जातो तो तुलना कशाशी करणार?

युरोपातही कथा वेगळी नाही. इंग्रजी 'व्हॅल्यू' लॅटिनमधल्या 'बळकट असणं' या अर्थाच्या धातूतून आला, पुढे किंमत झाला, आणि 'व्हॅल्यूज' हे नीतीच्या अर्थाचं अनेकवचन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन तत्त्वज्ञांच्या लिखाणातून बळावलं. त्यांतल्याच नीत्शेने 'सर्व मूल्यांची उलथापालथ' म्हटलं ते याच शब्दाला धरून. आपली 'जीवनमूल्ये', 'नैतिक मूल्ये' ही त्या अनेकवचनाच्या पाठोपाठ आलेली. म्हणूनच कान थोडा अडखळतो. मोल घराच्या जोत्यावर वाढलेलं, मूल्ये पाहुणी आलेली आणि मग राहिलेली. राहिली आता, त्यांना हाकलायचं कारण नाही.

एका ठिकाणी तर या शब्दाचे दोन्ही अर्थ मुद्दाम एकमेकांसमोर उभे केलेले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एक माणूस एक मूल्य हे नाकारत राहू. भाषण इंग्रजीत होतं, पण मराठीत आणताना 'मूल्य' किती चपखल बसतो बघा. पहिल्या वाक्यात तो मोजणीचा आहे, मतपेटी उघडून मोजता येतो. दुसऱ्यात तोच शब्द माणसाच्या इभ्रतीपाशी जाऊन थांबतो. 'किंमत' घातली असती तर पहिलं वाक्य बिघडलं असतं, 'प्रतिष्ठा' घातली असती तर दोन वाक्यांचा सांधा निखळला असता. गंमत अशी की संविधानाच्या मराठी उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता सगळं आहे, 'मूल्य' हा शब्द कुठेही नाही. आपण मात्र त्या चौघांना 'संविधानिक मूल्ये' म्हणतो. मूलभूत कर्तव्यांच्या मराठी पाठात तर थेट 'मोल' आहे : संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे 'मोल जाणून' तो जतन करणे. भाषांतरकाराला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. 'मूल्यांकन करणे' लिहिण्याचा मोह त्याने टाळला.

आता 'मूलभूत मूल्ये'. मूल्यात मूळ आधीच आहे, त्यामुळे मूळ दोनदा येतं. चूक नाही, 'पिवळा पितांबर' आपण म्हणतोच. पण ओझं होतं. काही जण 'मौलिक' सुचवतील. तो शब्द मराठीत भलताच घसरला आहे. हिंदीत मौलिक म्हणजे मूळचं, स्वतंत्र. मराठीत सत्काराच्या प्रत्येक भाषणात 'मौलिक मार्गदर्शन' होतं, तेव्हा वक्त्याला 'मोलाचं' म्हणायचं असतं. मूळ आणि मोल यांच्यामधल्या बांधावर बसलेला हा शब्द, दोन्ही शेतांत चरतो. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

'मूलभूत'मागे जो इंग्रजी 'कोअर' आहे त्याला मराठीत एक सुरेख शब्द कधीच मिळालेला आहे, आणि तो आपल्या शिक्षकांना ठाऊक आहे : गाभा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमासाठी दहा समान विषय सांगितले होते, त्यांना आपल्याकडे 'गाभाघटक' म्हणतात. डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. त्याच वर्गांत मूल्यशिक्षणाची दहा मूल्येही पाठ करून घेतात, राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंत. (वैज्ञानिक दृष्टिकोन आणि वक्तशीरपणा एकाच यादीत शेजारीशेजारी बसतात, याचं मला शाळेत असल्यापासून नवल वाटत आलं आहे. पण यादी केली की असं होणारच.) 'गाभा' हा 'गर्भ'चा मराठी अवतार. गाभण गाय, देवळाचा गाभारा, केळीचा गाभा, सगळे एका घरचे. 'मूलभूत'मध्ये इमारतीचा पाया दिसतो, 'गाभ्या'त जिवंत काहीतरी. 'माझ्या विचारांचा गाभा' असं लिहिलंत तर कुणी माहितीपत्रक म्हणणार नाही.

'तत्त्वे' चालेल का, असंही तुम्ही शेवटी कंसात विचारलं आहे. थोडा फरक आहे. 'सत्य' हे मूल्य, 'खोटी सही करायची नाही' हे तत्त्व. तत्त्व मोडता येतं, मूल्य हरवतं. शिवाय सरकारी मराठीने 'तत्त्वतः मान्य' म्हणजे 'इतक्यात होणार नाही' असा अर्थ करून ठेवला आहे, तेव्हा जपून.

'समस्या'विषयी मात्र माझं मत ठाम आहे. संस्कृतात समस्या म्हणजे अडचण नव्हे. अमरकोश म्हणतो 'समस्या तु समासार्था'. श्लोकाचा एक तुकडा द्यायचा आणि उरलेला दुसऱ्याने पुरा करायचा, तो तुकडा म्हणजे समस्या, आणि ते काम समस्यापूर्ती. भोज-कालिदासाच्या आख्यायिकेत राजा 'ठंठं ठठंठं' अशा थाटाची निरर्थक ओळ देतो आणि कवी ती राज्याभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून जिन्यावर घरंगळलेल्या सोन्याच्या घागरीचा आवाज करून दाखवतो. अशा दरबारी खेळातला शब्द पुढे गंभीर झाला, आणि मग इतका पसरला की आज केस गळण्याचीही समस्या आहे आणि जातीचीही.

'प्रश्ना'ची गोष्ट वेगळी. मराठीत कुठल्या शब्दाभोवती कोणती क्रियापदं जमतात ते पाहावं, शब्दाची मुळं किती खोल गेली आहेत ते कळतं. प्रश्न ऐरणीवर येतो, धसाला लावतात, मार्गी लावतात, भिजत पडतो, गुंतागुंतीचा होतो आणि कधीतरी सुटतोही. समस्या फार तर उद्भवते आणि भेडसावते. बातमीदारांना विचारा, 'भेडसावणाऱ्या समस्या'पलीकडे तिला जोडीदार मिळत नाही. पाण्याचा प्रश्न, सीमाप्रश्न, हे कुणी 'सीमासमस्या' केले नाहीत. 'शेतीची समस्या' ऐकून शेतकरी मान डोलावेल, 'शेतीचा प्रश्न' म्हटलं की बोलू लागेल.

आणि एक बारीक गोष्ट, प्रत्ययाची. 'समाजाच्या समस्या' म्हटलं की समाज खाटेवर आणि तुम्ही नाडी धरून उभे. 'समाजातले प्रश्न' म्हटलं की ते कुठेतरी आत आहेत. 'आपल्यापुढचे प्रश्न' म्हटलं की उत्तर देणाऱ्यांत तुम्हीही आलात. चा, तला, पुढचा, एवढ्यानेच लिहिणाऱ्याची जागा ठरते. मला तिसरं आवडतं. आवड म्हणा हवं तर, नियम नाही.

जाता जाता एक नमुना, कारण तुमचे दोन्ही विषय त्यात सहा ओळींत आले आहेत. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या सुरुवातीला आहे : विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतीविना गति गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. मूल्यही नाही, समस्याही नाही. मूल्याच्या जागी 'नीति', समस्येच्या जागी 'अनर्थ', आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साधं क्रियापद. गेली, गेले, खचले, केले. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला तेव्हा त्यांनीही आपला बाणा सांगताना 'इष्ट असेल ते' बोलणार असं म्हटलं. इष्ट म्हणजे हवंसं, आपण मनापासून इच्छिलेलं. 'मूल्ये' हे अनेकवचन तेव्हा अजून वस्तीला आलेलं नव्हतं, आणि कुणाचं अडलं नाही.

मथळा मात्र तुमचा तुम्हीच ठरवा. मुलीला वाचून दाखवा, तिच्या भुवया कुठे उंचावतात ते बघा. 'मूल्ये' ठेवलंत तरी चालेल, फक्त मू दीर्घ. पाट्यांवर 'मुल्य' दिसतं, ते चूक. गोंधळ होतो तो 'मूळ'मुळे : मूळ दीर्घ, पण विभक्ती लागली की मुळाशी, मुळाचा असं ऱ्हस्व होतं. मूल्य तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्यामुळे त्याला हा नियम लागत नाही. मूल्याचा, मूल्यांशी, सगळीकडे दीर्घच. आणि बोलीच्या वळणाने लिहिणार असाल तर 'मूल्यं'. एकाच पानावर 'मूल्ये' आणि 'मूल्यं' दोन्ही नकोत.