पोनीला शिकू द्या, मुलीलाही शिकू द्या, पण सध्या वेगवेगळं

पत्र पुण्याच्या एका वडिलांचं आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, तीन वर्षं रायडिंग क्लबात शिकतेय, ट्रॉट-कँटर म्हणजे घोड्याच्या दुडक्या आणि वेगाच्या चाली छान जमतात, छोट्या उड्याही मारते, पण क्लबच्या जुन्या, सगळं पाठ असलेल्या घोड्यावर. दिवाळीत वडिलांनी तिला स्वतःचा पोनी घेऊन दिला, पाच वर्षांचा, जेमतेम खोगिराची सवय झालेला. आता इव्हेंटिंग करायचंय, म्हणजे ड्रेसाज (मैदानात ठरलेल्या चाली नेमक्या करून दाखवणं), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातले भक्कम अडथळे ओलांडत पळवणं) आणि शो जंपिंग (पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या), तिन्ही एकाच घोड्यावर. पोनी ओंडक्यासमोर थांबतो, मुलगी दोनदा पडली, आणि हल्ली रविवारी सकाळी तिचं पोट दुखतं. वडील म्हणतात, "एवढे पैसे घातलेत, आता माघार नाही. एशियन गेम्सपर्यंतचा रस्ता सांगा, नाहीतर स्पोर्ट्स कोट्यातून काय मिळेल ते तरी."

नमस्कार. तुमच्या पत्रात पोनीच्या किमतीवर आणि महिन्याच्या खर्चावर अख्खा परिच्छेद आहे, मुलीच्या पोटदुखीवर अर्धी ओळ, आणि त्या अर्ध्या ओळीतही तुम्ही लिहिलंय की ती नाटकं करते. माझं मन तिथेच अडकलं, त्यामुळे एशियन गेम्सचं नंतर बोलू.

ती नाटकं करत नाहीये हो, ती घाबरलीय, आणि घाबरायला चांगलं सबळ कारण आहे. शो जंपिंगमध्ये पाय लागला की दांडी खाली पडते, चार पेनल्टी लागतात आणि घोडा पुढे जातो. क्रॉस कंट्रीतला ओंडका भक्कम बसवलेला असतो, तो पडत नाही, घोड्याचे पुढचे पाय त्यात अडकले तर घोडाच कोलांटी खाऊन स्वाराच्या अंगावर येऊ शकतो, या खेळात जगभर चांगले मुरलेले स्वारसुद्धा अशा पडण्यात दगावलेत. थांबणारा पोनी, दोनदा पडल्याची आठवण आणि समोर तसला अडथळा, यात ज्या मुलीला भीती वाटते तिची समज शाबूत आहे असं मी म्हणेन. तिला तोंडाने सांगता येत नाहीये कारण घरात रोज खर्चाचा विषय निघतो, मग पोट दुखतं. पोनी घ्यायचं तुम्ही ठरवलंत, पैसे तुम्ही दिलेत, त्याची वसुली तेराव्या वर्षी तिच्याकडून करू नका, प्लीज.

आता तुमचा तो गैरसमज, जो मी बऱ्याच पालकांकडून ऐकते: "दोघंही लहान आहेत, एकत्र शिकतील, जोडी जमेल." ऐकायला फार गोड वाटतं, पण घोडा असा शिकत नाही. टाच लावली, घोडा पुढे निघाला, की त्याच क्षणी टाच सैल सोडायची, त्यातून त्याला कळतं की आपण बरोबर केलं. हे टायमिंग सेकंदाच्या आतलं असतं आणि ते हातापायात मुरायला वर्षं लागतात. तुमच्याकडे काय होत असणार बघा: ओंडका जवळ आला की मुलगी खाली ओंडक्याकडे बघते, खांदे पुढे जातात, पाय सुटतात, लगाम घट्ट धरला जातो. पोनीला मागून पुढे जा म्हणणारं कोणी उरत नाही आणि तोंडात मात्र ओढ बसते, तो थांबतो. ती मानेवर घसरते, सावरते, लगाम ढिला होतो, दोघं वळून परत येतात, पोनीला दम खायला मिळतो. त्याने यातून एकच धडा घेतला, थांबलं की सगळं सुटतं. तीनचार रविवार असे गेले की धडा पक्का. तुम्ही त्याला हट्टी म्हणताय, खरं तर तो जे शिकवलं जातंय तेच शिकतोय. दोघांपैकी एकाला तरी काम येत असायला हवं, स्वार शिकाऊ असेल तर घोडा जाणता लागतो. आपला इव्हेंटिंग स्वार फवाद मिर्झाने 2018 मध्ये जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये वैयक्तिक रौप्य जिंकलं, 1982 च्या रघुबीर सिंगांच्या सुवर्णानंतर 36 वर्षांनी भारताला मिळालेलं या खेळातलं वैयक्तिक पदक, तेव्हा त्याच्याखाली सिनॉर मेडिकॉट होता, जर्मनीच्या ऑलिंपिक स्वार बेटिना हॉय यांच्या हाताखाली स्पर्धा खेळून तयार झालेला घोडा. एवढ्या तयारीच्या स्वारालाही जाणता घोडा दिला गेला, आणि आपण आठवीतल्या मुलीला कोरा पोनी देतोय.

तर पुढचे काही महिने पोनी क्लबमधल्या अनुभवी स्वाराच्या हाती द्या. तो आधी जमिनीवरच्या दांड्या, मग गुडघ्याखालचे ओंडके, तेही पुढे एखादा शांत घोडा ठेवून, असं करत आणेल. मुलगी परत जुन्या घोड्यावर जाऊ दे, तिचा हात आणि नजर स्थिर होऊ दे. पोनीशी तिचं नातं तुटायला नको, तर खरारा करणं, सईससोबत त्याला फिरवणं, नालबंद येतो तेव्हा पोनीला धरून उभं राहणं, हे तिने करावं. विचारून बघितलं तर एखादवेळी तिला हेच सगळ्यात जास्त आवडतं असंही निघेल.

घाई कशाचीच नाही. आंतरराष्ट्रीय पोनी स्पर्धा सोळाव्या वर्षापर्यंतच असतात, पुढे घोडा बदलावाच लागतो, आणि ऑलिंपिकला इव्हेंटिंगमध्ये अठरा पूर्ण लागतात. म्हणजे या पोनीवरून ती एशियन गेम्सला जाईल हे गणित मुळात धरूच नका. क्रॉस कंट्री नकोच म्हणाली तर ड्रेसाज आहे, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने सुवर्ण आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. दहावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतलं 5 टक्के आरक्षण कुठल्या स्पर्धांना लागू होतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, पण त्यासाठी घोडा पाळणं हा फार महागडा मार्ग आहे. घोड्यांची ओढ टिकली तर बारावीनंतर NEET प्रवेशपरीक्षा देऊन शिरवळ किंवा मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजचा विचार करता येईल, ते तेव्हा बघू.

या रविवारचं रायडिंग रद्द करा, आजच फोन करून. तिला काय हवंय ते तुम्ही विचारू नका, तुम्हाला ती खरं सांगणार नाही, तिच्या सरांना किंवा आईला विचारू दे, आणि तुम्ही त्या वेळी मैदानावर थांबू नका. पोनी विकूया म्हणाली तर विका, थांबणाऱ्या पोनीला किंमत कमी येईल, येऊ दे.

आणि एक, दोनदा पडली त्यात डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट वरून धड दिसलं तरी वापरू नका, नवीन घ्या. बॉडी प्रोटेक्टरचा, म्हणजे छाती-पाठ जपणाऱ्या जाकिटाचा, पत्रात उल्लेख नाही, नसेल तर तो आल्याशिवाय कुठल्याच घोड्यावरून उडी नको.