यार्डातली हेडं, नवा कॅम आणि स्प्रिंगांचा हिशेब

प्रश्न : काका, मी आणि माझा मुलगा मिळून 1985ची शेव्हरोले पिकअप उभी करतोय. इंजिन तेच जुनं, 350 घनइंची. भंगार यार्डातून 1998च्या टाहोची व्होर्टेक हेडं (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणली आहेत आणि नवा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) घेतलाय. त्याच्या कार्डावर व्हॉल्व्ह लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, 0.480 इंच आहे. यार्डवाला म्हणतो, हेडांतल्या स्प्रिंगा ठणठणीत आहेत, तशाच चालवा. चालवू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : नका चालवू. स्प्रिंगा ठणठणीत असतीलही, पण त्या या कॅमच्या नाहीत. टाहोच्या कॅमची लिफ्ट 0.43 इंचाच्या आत होती. या हेडांत साधारण 0.46 ते 0.47 इंचानंतर रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी चकती) खाली येऊन गाइडवरच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीवरच्या, तेलाच्या सीलला भिडतो. आमच्या मिशिगनच्या शॉपमध्ये अशी हेडं उघडली की सीलचा चुरा झालेला दिसतो आणि मालक सांगतो, गाडी निळा धूर सोडते. हेडं मात्र तुम्ही फार चांगली आणलीत. जुन्या 350ला इतक्या कमी पैशांत इतकी हवा देणारं दुसरं हेड मला माहीत नाही.

आधी मापं घ्या. स्प्रिंग काढा, सील जागेवर राहू द्या. व्हॉल्व्हला नुसता रिटेनर आणि त्याला दांड्यावर अडकवणारे लॉक लावून वर ओढा. रिटेनरच्या तळापासून सीलच्या माथ्यापर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजा. लिफ्ट वजा करून निदान 0.060 इंच उरायला हवेत, म्हणजे तुम्हाला 0.540 लागतील. ते मिळणार नाहीत. मग मशीन शॉपकडून गाइडचा माथा उतरवून घ्या, किंवा वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंगा त्यांच्या लहान रिटेनरसह घ्या. मी बीहाइव्हच सुचवेन, कारण रिटेनर हलका असला की तेवढ्याच ताकदीची स्प्रिंग व्हॉल्व्हला जास्त आरपीएमपर्यंत ताब्यात ठेवते.

आता ताकद. समजा, स्प्रिंग 1.700 इंच उंचीला बसली, तिथे तिचा दाब 110 पौंड आहे आणि इंचाला 330 पौंडांनी वाढतो. 0.480 लिफ्टला 158 पौंड वाढून दाब 268 होईल. तुमच्यासारख्या कॅमला हे बरोबर आहे. त्या वेळी स्प्रिंगची उंची 1.220 उरते. वेटोळी एकमेकांना 1.150ला टेकत असतील, तर 0.070 इंच मोकळे राहिले, चालेल. पण रॉकर (कॅमची हालचाल काही पटींनी वाढवून व्हॉल्व्हपर्यंत नेणारे) 1.5 पटीच्या जागी 1.6 पटीचे लावलेत तर लिफ्ट 0.512 होते आणि मोकळी जागा 0.038वर येते. ते मुळीच नको.

उंची सोळाही व्हॉल्व्हांची मोजा. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट घासली की व्हॉल्व्ह आत बसतो, दांडा वर येतो, स्प्रिंग सैल पडते. तिथे स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालायचा.

दाब कमी पडला तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो. म्हणून जी सर्वांत कडक मिळेल ती बसवण्याचा मोह होतो. फ्लॅट टॅपेटला ते फार महागात पडतं. टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा) कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासत चालतो. दाब जास्त झाला की पहिल्या अर्ध्या तासात लोब झिजून गोल होतो आणि त्याची पूड सगळ्या बेअरिंगांत जाते. कॅम बनवणाऱ्याने कार्डावर जो दाब दिला असेल, त्याच्या आसपासच राहा.

दोन गोष्टी थोडक्यात. 1985चे रॉकर आणि इनटेक मॅनिफोल्ड (हेडांत हवा नेणारा भाग) या हेडांवर चालणार नाहीत. रॉकर सेल्फ-अलायनिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहणारे, घ्या, मॅनिफोल्ड व्होर्टेकचा. आणि हेडं मशीन शॉपला जाणारच आहेत, तर रॉकरचे ठोकून बसवलेले स्टड काढून आट्याचे बसवून घ्या. वाढलेल्या दाबाला जुने वर सरकतात.

नवा कॅम रुळवण्यासाठी जस्त असलेलं ब्रेक-इन तेल भरा, टॅपेटांच्या तळांना पेस्ट लावा. इंजिन सुरू झालं की आयडलवर ठेवू नका. निदान 20 मिनिटं 2000 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान खालीवर करत ठेवा. त्याआधी सोळाही उंची आणि कॅमचं कार्ड मला पाठवा, शिम किती जाडीचे लागतील ते मी काढून देतो.